अंग ताठलं, म्हणजे किती तास झाले?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा. तुमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यातलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तुमचे थोरले चुलते, वय ५२, पहाटे उसाला पाणी पाजायला गेले आणि सव्वासातला गड्याला सरीच्या तोंडाशी पालथे पडलेले सापडले. काकू सांगतात, साडेतीनला उठले, चहा घेतला, चारला थ्री-फेज येते म्हणून बॅटरी घेऊन बाहेर पडले. तुमच्या आत्या आणि धाकटे चुलते म्हणतात, हे खोटं आहे. उताणं केलं तेव्हा उजवा हात डोक्याच्या वर तसाच राहिला होता, मान लाकडासारखी झाली होती, आणि अंग ताठायला बारा तास लागतात असं मोबाईलवर स्पष्ट लिहिलंय. म्हणजे माणूस रात्री जेवल्यावरच गेला आणि हिनं लपवलं. शवविच्छेदन दुपारी दीडला झालं, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) तपासायला गेलाय, मृत्यूचं कारण राखून ठेवलंय. तुम्ही मला एवढंच विचारता की उन्हाळ्यात अंग किती तासांत ताठतं.

मी तेहतीस वर्षं या जिल्ह्यातल्या तालुका इस्पितळांत काढली. खानापूरला, अथणीला, मधे काही वर्षं चिक्कोडीला. म्हणून सरळ बोलतो. तुमचा खरा प्रश्न तापमानाचा नाही. काकू खोटं बोलतायत का, हे तुम्हाला माझ्याकडून हवंय. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, कारण खोटं-खरं स्नायूंत दिसत नाही. पण आत्या ज्या पुराव्यावर बोट ठेवतायत तो पुरावा त्यांचं म्हणणं पेलतो का, एवढं तपासून सांगता येतं. तुम्ही लिहिताना एक वाक्य सहज टाकून गेलात, ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्याकडे शेवटी येतो, आधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

मेल्यावर पहिल्यांदा अंग ताठत नाही, सैल पडतं. जबडा उघडा पडतो, हात लोंबतात. नंतर ताठरपणा चढतो आणि काही काळानं उतरून अंग पुन्हा सैल होतं. हे का होतं? स्नायूत दोन प्रकारचे बारीक तंतू असतात, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन. ते एकमेकांना पकडतात तेव्हा स्नायू आवळतो, पकड सोडतात तेव्हा सैल होतो. लोकांना वाटतं की पकडायला ताकद लागते आणि सोडणं फुकटात होतं. तसं नाही. पकड सोडायलाही इंधन लागतं, त्याचं नाव एटीपी. जिवंतपणी श्वासातला ऑक्सिजन हे इंधन सारखं बनवत असतो. श्वास थांबल्यावर स्नायू थोडा वेळ आपल्या साठ्यातली साखर जाळून काम भागवतो. ती संपली की पकड आहे तिथंच अडकते. यात हात वर उचलला जात नाही, बोटं आपोआप मिटत नाहीत. मढं उठून बसलं वगैरे गोष्टी पारावर सोडून द्या. अंग ज्या स्थितीत होतं त्याच स्थितीत घट्ट होतं. पुढं पेशी आतून विरघळायला लागल्या की ते तंतूच तुटतात आणि ताठरपणा जातो.

म्हणजे हा सगळा मामला रसायनाचा, आणि उष्णता वाढली की रसायन वेगानं चालतं. उपमा मयताच्या बाबतीत बरी दिसत नाही, पण यापेक्षा सोपी मला सापडली नाही: विरजण. मे महिन्यात अथणीला दुपारी दूध विरजलं तर दिवेलागणीला दही लागलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ते आंबून जातं. तेच दूध डिसेंबरात खानापूरच्या जंगलाकडच्या गावात रात्री विरजा, सकाळी बघाल तर अजून पाणीच. पण एकदा लागलं की दोन-तीन दिवस टिकतं. अंगाचंही असंच. उष्णतेत ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो. थंडीत उशिरा येतो आणि रेंगाळतो. दहा अंशांच्या खाली तर फारच संथ चालतो. शवागाराच्या कपाटात चार अंशांवर ठेवलेलं अंग कित्येक दिवस ताठ राहिलेलं मी बघितलंय.

आता ते बारा तास. ‘बारा तास चढायला, बारा तास टिकायला, बारा तास उतरायला’ असं एक सूत्र पुस्तकांत आहे. विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायला बरं पडतं. पण त्यातले पहिले बारा तास म्हणजे सगळं अंग, पायाच्या बोटांपर्यंत, पुरतं ताठायला लागणारा वेळ. सुरुवात व्हायला लागणारा नव्हे. आत्यांची पहिली गफलत इथं झाली. आपल्या हवेत सुरुवात एक ते दोन तासांत होते आणि ती जबडा, पापण्या, मान इथं दिसते. थंड मुलुखात हीच सुरुवात तीन ते सहा तासांवर जाते. मोबाईलवरचं बरंचसं लिखाण त्या मुलुखातलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ताठरपणा साधारण १८ ते ३६ तास राहतो, हिवाळ्यात २४ ते ४८. आकड्यांमधलं अंतर बघा. एवढ्या रुंद फटीतून रात्री नऊ की पहाटे चार, असा सात तासांचा गुन्हा सिद्ध होत नाही.

आणि ‘आपल्याकडे’ तरी काय? एकाच बेळगाव जिल्ह्यात दोन देश आहेत. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. तिथल्या रानात एकदा एक माणूस सापडला. शेवटचा दिसला तेव्हापासून जवळजवळ दोन दिवस होत आले होते आणि मांड्या अजून घट्ट होत्या. पंचनाम्याला आलेले गावकरी मला पटवत होते, ‘डॉक्टर, हा आज पहाटेच गेलाय, बघा की वो, अंग लाकूड हाय.’ त्याउलट मे महिन्यात अथणीकडच्या एका वस्तीवरचं मयत आलं, चोवीस तासही पुरते झाले नव्हते. अंग सैल, पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट छटा उमटलेली. तिथं लोक म्हणत होते, तीन दिवसांचं आहे. दोन्ही ठिकाणी लोकांच्या बोटांना जे लागलं ते खरं होतं, तासांचा हिशेब तेवढा चुकला होता.

लोकांनाच कशाला नावं ठेवू? नोकरीच्या चौथ्या वर्षी मीही तीच चूक केली, आणि ती कोर्टात केली. एका पत्र्याच्या खोलीत मेलेल्या माणसाच्या अहवालात मी ‘मृत्यूला अंदाजे बारा तास’ असं ठोकून दिलं होतं. त्या आकड्यामुळे एका माणसाचं सगळं म्हणणं खोटं ठरत होतं. उलटतपासणीत वकिलांनी शांतपणे विचारलं, ‘डॉक्टर, खोलीत पंखा होता का? दार उघडं होतं की बंद? पत्रा किती तापला होता?’ मला काहीच माहीत नव्हतं. मी खोली बघितलीच नव्हती. ‘मग बारा कुठून आणले?’ न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, ते अजून आठवतं. त्यानंतर माझ्या पिशवीत थर्मामीटर कायम राहिला आणि अहवालात नुसता एक आकडा मी परत कधी लिहिला नाही. ‘इतक्या ते इतक्या तासांच्या दरम्यान’ असंच लिहीत गेलो.

तापमानाखालोखाल वजन आहे ते मरण्याआधी शरीरानं काय केलं याला. स्नायूतलं इंधन आधीच जळून गेलेलं असेल तर ताठरपणा धावत येतो. कुत्र्यांनी पळवून पळवून दमवलेला ससा मेल्या मेल्या काठीसारखा होतो, हे जुन्या शिकाऱ्यांना ठाऊक असतं. धनुर्वात, अपस्माराचे झटके, कडक ताप, उष्माघात, विजेचा धक्का या सगळ्यांत स्नायू मरणाआधीच रिकामे झालेले असतात. उलट, धडधाकट माणूस झोपेत गेला तर साठा शिल्लक असतो आणि ताठरपणा सावकाश येतो. फार म्हातारी, खंगलेली माणसं आणि लहान मुलं यांच्यात लवकर येतो पण कच्चा असतो, हलक्या हातानंही मोडतो.

तुमच्या काकांचं बघू. उकाड्याची रात्र, अडसाली उसाचा दाट फड, आत वारा नाही. पाट फोडायचा, दारं धरायची, एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवायचं, चिखलात खोरं मारायचं. हे काम मी स्वतः लहानपणी केलंय, अर्ध्या तासात सदरा पिळून निघतो. असा माणूस राबता राबता कोसळला तर मान आणि खांदा दोन-अडीच तासांत ताठणं यात मला काही नवल वाटत नाही. प्रामाणिकपणानं दुसरी बाजूही सांगतो: ते ओल्या सरीत पडले होते. ओलाव्यानं अंगाचा खालचा भाग थोडा लवकर निवतो आणि तितका ताठरपणा मंदावतो. किती मंदावतो? पाण्याचं तापमान, कपडे, पाणी वाहतं की साचलेलं, हे कुणी मोजलेलं नाही. एक पारडं वर, एक खाली. म्हणूनच मी चारचे साडेचार की पाच, असल्या वादात पडत नाही.

विजेचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पहाटे, ओले पाय, मोटारीचा स्टार्टर. केबल आणि स्टार्टर कुणी तपासला का? अंग ओलं असेल तर शॉकची खूण कातडीवर उमटतेच असं नाही, त्यामुळे ‘भाजल्याचा डाग नाही’ यावर विषय संपत नाही. शॉक लागला असं मी म्हणत नाही. पण लागला असेल तर अंग आणखी लवकर ताठतं, आणि मग आत्यांचा मुद्दा आणखी लंगडा पडतो. ती जागा बदलायच्या आत तपास अधिकाऱ्याच्या कानावर घाला.

विषाची कुजबुजही तुम्ही लिहिली आहे, ‘एवढ्या लवकर ताठला म्हणजे काहीतरी पाजलंय.’ ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि अगदी निराधार नाही. आपल्या पश्चिमेकडच्या रानात काजऱ्याची झाडं आहेत, त्याच्या बीत स्ट्रिक्नीन असतं. त्यानं धनुर्वातासारखे झटके येतात आणि मेल्यावर अंग फार लवकर घट्ट होतं. पण उलटा हिशेब लागू पडत नाही. काजऱ्यानं अंग लवकर ताठतं, म्हणून लवकर ताठलेल्या प्रत्येकाला काजरा दिला असं होत नाही. विषाचं उत्तर व्हिसेराचा अहवाल देईल. तोवर त्या कुजबुजीला घरात जागा देऊ नका.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. तुम्ही लिहिलंय, ‘जीव असेल या आशेनं आम्ही साडेसातला त्यांना शेजाऱ्याच्या ओम्नीत घातलं, मागच्या सीटवर आडवं मावेनात म्हणून पाय गुडघ्यात दुमडून दार लावलं.’

हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला.

ताठरपणा सगळ्या स्नायूंत एकाच वेळी सुरू होतो, पण दिसतो क्रमानं, कारण लहान स्नायू आधी घट्ट होतात आणि मोठ्यांना वेळ लागतो. पापण्या, जबडा, मान, मग चेहरा, छाती, हात, शेवटी मांड्या, पोटऱ्या, पायाची बोटं. निस्टेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८११ मध्ये हा वरून खाली जाणारा क्रम नोंदवला आणि आजही शवागारात गेल्यावर आम्ही पहिल्यांदा हनुवटीला हात लावतो, मग कोपराला, मग गुडघ्याला. उतरतानाही तो साधारण त्याच क्रमानं उतरतो. आधी जबडा सुटतो, पाय शेवटी.

म्हणजे साडेसातला चित्र काय होतं? मान घट्ट, खांदा घट्ट, गुडघे मात्र वळत होते. हा चढत असलेला ताठरपणा आहे, अजून अर्ध्या वाटेवरचा. माणूस रात्री नऊला गेला असता तर साडेसातपर्यंत साडेदहा तास झाले असते. एप्रिलच्या हवेत साडेदहा तासांनी ५२ वर्षांच्या शेतकऱ्याचे पाय ओम्नीच्या दारात दुमडत नाहीत. त्यांना दोन माणसांनी जोर लावून मोडावं लागतं. बरं, ताठरपणा येऊन उतरायलाही लागला होता असं कुणी म्हणेल, तर मग मान आधी सुटायला हवी होती आणि पाय ताठ राहायला हवे होते. तुमच्याकडे बरोबर उलटं होतं. आत्यांनी हात आणि मान बघितली, पायांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

एक शंका मी स्वतःच काढतो: पाय सहज दुमडले की जोरानं? गडबडीत, रडारडीत माणूस किती जोर लावतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून ओम्नीत पाय कुणी धरले होते त्याला शांतपणे विचारा. तुमच्या मनातलं उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. ‘पाय कसे होते?’ एवढंच विचारा आणि तो काय सांगतो ते ऐका. जोर लावला असेल तरी आत्यांची बाजू आपोआप सिद्ध होत नाही, फक्त हा पुरावा तितका बळकट राहत नाही. आणि दुपारी दीडला अहवालात ‘ताठरपणा सर्वांगात’ लिहिलंय त्यावरून गोंधळू नका. सकाळी पहिल्या काही तासांत मोडलेला ताठरपणा पुन्हा चढू शकतो. पुरता चढल्यावर मोडला तर मात्र परत येत नाही. सकाळी दुमडलेले पाय दुपारी परत ताठ होते, हेसुद्धा पहाटेच्या मृत्यूशी जुळतं.

नुसत्या ताठरपणावर मी इतकं बोललो नसतो. पण तुम्ही अहवालाच्या आणखी दोन ओळी उतरवून पाठवल्यात आणि त्या माझ्या दृष्टीनं जास्त बोलक्या आहेत.

पहिली, रक्त साकळल्याच्या डागांची. हृदय थांबलं की रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि कातडीवर जांभळट डाग उमटतात. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत ते दिसायला लागतात. सुरुवातीचे तास अंग उलटवलं तर रक्तही सरकतं, डाग नव्या खालच्या बाजूला जातात. साधारण सहा ते बारा तासांत ते पक्के होतात, मग उलटवलं तरी मूळ जागा सोडत नाहीत. तुमच्या अहवालात छातीवर आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला फिकट डाग आहेत, पाठीवर गडद आणि पक्के. काका पालथे सापडले आणि सव्वासातनंतर दुपारपर्यंत उताणे होते. ते रात्री नऊपासून पालथे पडून राहिले असते तर दहा तासांत पुढचेच डाग गडद होऊन बसले असते आणि पाठीला फारसं काही उरलं नसतं. पुढचे फिकट, मागचे गडद याचा सरळ अर्थ असा की पालथ्या स्थितीत ते थोडाच वेळ होते. सव्वासातच्या आधी कुणी त्यांना हलवून परत ठेवलं नसेल हे मी इथं गृहीत धरलंय. तसं काही घडलं असेल तर माझं हे म्हणणं मागे.

दुसरी ओळ पोटाची. ‘जठरात सुमारे १०० मिलीलीटर तपकिरी द्रव, अन्नाचे कण नाहीत.’ रात्री साडेआठला भाकरी, आमटी, भात असं जेवण झालं होतं असं आत्याच सांगतात. असं भरलेलं पोट रिकामं व्हायला साधारण चार-सहा तास जातात. भीती, दुखणं, आजार असेल तर जास्तही, म्हणून यालाही घड्याळ समजू नये. पण जेवून लगेच नऊ-साडेनऊला माणूस गेला असता तर भाकरी तिथंच सापडली असती, कारण मेल्यावर पोट पुढं ढकलत नाही. तपकिरी द्रव चहाच होता असं मी म्हणणार नाही, तपकिरी रंगाची कारणं अनेक असतात. जेवणानंतर माणूस बरेच तास जिवंत होता, इतकं मात्र त्यातून निघतं.

शरीराच्या तापमानाचं विचाराल तर ती संधी गेली. सव्वासातला कुणी मोजलं नाही, आणि दुपारी दीडला बाहेर चाळिशीच्या आसपास ऊन असताना मोजूनही उपयोग नव्हता. बाहेरची हवाच अंगाहून गरम असेल तर अंग निवणार कसं?

सगळं समोर ठेवून माझं मत असं: मृत्यू पहाटे चार ते साडेपाचच्या दरम्यान झाला, या गोष्टीला तुमच्या कागदांतलं काहीही आडवं येत नाही. रात्री नऊला झाला, या गोष्टीला मात्र तीन गोष्टी आडव्या येतात. प्रत्येक गोष्टीला ‘पण’ आहे, तो मी वर सांगितला. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात म्हणून मी एवढं ठामपणे लिहितोय. हे अंग न बघता, कागद वाचून दिलेलं मत आहे. ज्या डॉक्टरांनी हात लावून तपासलं त्यांचा शब्द माझ्या वरचा. त्यांना जाऊन भेटा आणि तीनच गोष्टी विचारा: गुडघ्यांचा ताठरपणा कितपत होता, पुढचे डाग बोटानं दाबल्यावर फिके होत होते का, आणि मृत्यूच्या वेळेचा त्यांचा अंदाज कोणत्या दोन आकड्यांच्या मधे आहे. मरणाच्या आदल्या रात्री काका आजारी होते का, ताप होता का, तेही त्यांना सांगा. त्याचा फरक पडतो.

एक अडचण आपल्या भागातलीच. पंचनामा कन्नडमध्ये, शवविच्छेदनाचा अहवाल इंग्रजीत, आणि घरातली भांडणं मराठीत. मधे कुणीतरी अर्धवट वाचून सांगतो आणि तेच गावभर होतं. ‘रात्री चार’ आणि ‘पहाटे चार’ यांत आपण बोलताना फरक करत नाही, पण कागदावर ‘रात्री’ एवढंच उतरलं तर वाचणारा काय समजेल? पंचनाम्याची प्रत तपास अधिकाऱ्याकडे अर्ज करून घ्या आणि कन्नड नीट येणाऱ्या माणसाकडून वेळेचा उल्लेख शब्दशः वाचून घ्या. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ म्हणायचे, तो हा अनैसर्गिक मृत्यूचा तपास. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९४ खाली होतो. पोलिसांच्या तोंडी दोन्ही आकडे अजून चालतात, गोंधळू नका.

विषय निघालाय तर बाकीच्या वाचकांसाठी थोडं, कारण घरी मृत्यू झाला की हे प्रश्न मला फोनवर येतातच. आपल्या आज्ज्या मयताचे डोळे लगेच मिटवायच्या, हनुवटीखालून फडकं बांधायच्या, पायाचे अंगठे एकत्र बांधायच्या. त्यांनी अ‍ॅक्टिन-मायोसिनचं नाव ऐकलं नव्हतं, पण पहिल्या तासाचं महत्त्व त्यांना ठाऊक होतं. लिंगायत घरांत मयताला बसवून समाधी देतात, तिथं तर हे फारच महत्त्वाचं. पहिल्या तास-दोन तासांत मांडी घालून भिंतीला टेकवून बसवलं तर सगळं सुरळीत होतं. पुण्या-मुंबईची मंडळी येईपर्यंत शीतपेटीत आडवं ठेवलं, तर नंतर गुडघे मोडताना घरच्यांच्या काळजाचं पाणी होतं. पेटीनं ताठरपणा टळत नाही, लांबतो. आणि दुसरं: फडाला आग लागून भाजलेल्या माणसाचे हात मुष्टियुद्ध खेळत असल्यासारखे वाकलेले दिसतात, तो हा ताठरपणा नव्हे. उष्णतेनं स्नायू शिजून आखडतात. ‘मरताना कुणाशी तरी झटत होता’ असा त्याचा अर्थ काढू नका. पाण्यात बुडालेल्याच्या मुठीत गवत घट्ट सापडतं ती गोष्ट आणखी वेगळी, मरणाच्या क्षणीच आवळलेली मूठ. फार दुर्मीळ, मी सगळ्या नोकरीत दोनच बघितल्या, एक विहिरीतली आणि एक कृष्णेतली.

परत तुमच्याकडे. आत्यांशी तासांवरून भांडू नका. त्यांचा भाऊ गेलाय आणि त्यांना कुणावर तरी राग काढायचाय, त्यात मोबाईलवरचे बारा तास हाताशी आले. त्यांना एवढंच विचारा, ‘आत्या, ओम्नीत घालताना काकांचे पाय दुमडले होते का नाही?’ त्या तिथं होत्या असं तुम्हीच लिहिलंय. आणि ज्यांनी ज्यांनी त्या सकाळी हात लावला, त्यांच्याकडून कोण कुठं उभं होतं, काय धरलं होतं, काय घट्ट लागलं, ते तारखेसकट कागदावर उतरवून सह्या घ्या. हे या आठवड्यातच करा. व्हिसेराचा अहवाल यायला वेळ लागेल, आणि तोवर प्रत्येकाची आठवण ज्याच्या त्याच्या बाजूला सरकलेली असेल.